समजावून सांगणं हाही उपचारच
(शहरातल्या गरीब वस्त्यांमध्ये प्रजनन आरोग्याचं शिक्षण देणाऱ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकाची प्रस्तावना)

धारावीतून सायन हॉस्पिटल चालत जाण्याच्या अंतरावर आहे. गोवंडीच्या शिवाजीनगर-बैंगनवाडीतून रिक्षानं थोड्याच वेळात पालिकेचं शताब्दी रुग्णालय गाठता येतं. नंदुरबारच्या पाड्यावरची बाई दवाखान्यापासून किती लांब आहे, हे नकाशावर बोट ठेवून दाखवता येतं. मुंबई-पुण्याच्या वस्तीतल्या बाईचं तसं नाही. दवाखाना तिच्यासमोर आहे, औषधांचं दुकान गल्लीच्या तोंडाशी आहे, हातात मोबाइलही आहे. तरीही दिवस गेल्याचं ती तीन-चार महिने कुणाला कळू देत नाही. अंगावरून पांढरं जातं ते वर्षानुवर्षं सोसते. तांबी बसवल्यावर रक्तस्राव वाढला तर कुणाला विचारावं हे ठाऊक नसतं, म्हणून मिळेल तिथे ती काढून घेते. आणि पस्तिशीच्या आत ‘पिशवीची कटकटच नको’ म्हणून गर्भाशय काढून टाकायला तयार होते. दवाखाना जवळ असूनही बाई त्याच्यापासून दूर का राहते, या प्रश्नातून हे पुस्तक लिहिलं गेलं आहे.

२०११च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईच्या सुमारे सव्वा कोटी लोकांपैकी ५२ लाख झोपडपट्ट्यांत राहत होते, म्हणजे दर पाच मुंबईकरांमागे दोघे. महाराष्ट्रातल्या सगळ्या शहरांत मिळून हा आकडा १ कोटी १८ लाखांच्या घरात होता आणि तो देशात सर्वांत मोठा होता. या लोकांच्या दारात आरोग्यव्यवस्था आलीच नाही, असं म्हणता येणार नाही. तिनं शस्त्रक्रिया दिल्या, गोळ्या दिल्या, लसी दिल्या, भिंती रंगवून घोषणा लिहिल्या. पण समोर बसून, समोरच्याच्या बोलीत, घाई न करता ‘तुझ्या शरीरात हे असं होतं, तुझ्यापुढे हे हे मार्ग आहेत, यातला कुठला घ्यायचा ते तू ठरव’ एवढं सांगायला मात्र तिला सवड झाली नाही. समजावून सांगणं हा उपचाराचाच भाग आहे, असं या पुस्तकाचं ठाम म्हणणं आहे. दवाखान्यात औषध मिळणं हा जसा हक्क, तसाच आपल्या शरीराविषयी नीट सांगितलं जाणं हाही हक्क आहे.

प्रजनन आरोग्य म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गरोदर बाई आणि कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण येतो. विषय त्याहून खूप मोठा आहे. अकरा-बारा वर्षांच्या मुलीला पाळी येण्याआधी तिला काय सांगायचं, इथून तो सुरू होतो. त्याच वयाच्या मुलाला रात्री झोपेत वीर्य गेलं तर तो घाबरून कुणाकडे जातो, हाही त्याचाच भाग. लग्नाचं वय, पहिल्या आणि दुसऱ्या मुलातलं अंतर, मूल न होणं, नको असलेलं गरोदरपण, लिंगसांसर्गिक आजार, अंगातलं रक्त कमी असणं, नवऱ्याची जबरदस्ती, पाळी जाण्याचा काळ, गर्भाशय खाली सरकणं, गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, हे सारं त्यात येतं. आपल्याकडे मात्र बाई गरोदर असली तरच तिच्याकडे लक्ष जातं आणि बाळंत होऊन तिचं ऑपरेशन झालं की तिची फाइल बंद होते. त्याआधीची पंधरा आणि नंतरची तीस-चाळीस वर्षं तिनं कुणाला विचारायचं?

वस्तीत बायकांची बैठक असली की सुरुवातीला कुणी बोलत नाही. माहिती द्यायला आलेली ताई शाळेत शिकवल्यासारखं बोलते, बायका माना डोलावतात. बैठक संपता संपता एखादी जवळ येऊन हळूच विचारते आणि मग तिच्यामागून बाकीच्याही सरसावतात. ‘तांबी वर चढून काळजापर्यंत जाते म्हणतात, खरं का?’ ‘पाळीत लोणच्याला हात लावला तर ते खरंच खराब होतं का?’ ‘मुलगीच झाली, तर दोष माझ्यात का?’ ‘ऑपरेशननंतर माझी कंबर कायमची गेली, असं होतं का?’ ‘नवरा ऐकत नाही, त्याला न कळता घेण्यासारखं काही आहे का?’ यातला एकही प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. प्रत्येकामागे एक अडकलेला निर्णय असतो. तांबी गर्भाशयातच राहते, तिथून ती काळजापर्यंत जाऊच शकत नाही, हे चित्र काढून दाखवलं तर भीती जाते. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरतं, हे सासूच्या समोर सांगितलं तर एका सुनेचं घरातलं जगणं बदलू शकतं. ज्ञान म्हणजे परीक्षेतले गुण नव्हेत. वस्तीत त्याचा हिशेब असा निर्णयांत करायला हवा.

प्रश्न विचारायला कुणी नसलं म्हणून उत्तरं मिळायची थांबत नाहीत. ती शेजारणीकडून मिळतात, मेडिकलवाल्याकडून मिळतात, मोबाइलवरच्या व्हिडिओतून मिळतात, लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘गुप्तरोग’ आणि ‘कमजोरी’च्या जाहिरातींतून मिळतात. गल्लीतल्या डॉक्टरकडे पदवी कुठली आहे हे कुणी पाहत नाही. तो उधारीवर औषध देतो, रात्री दहालाही दार उघडतो आणि ओरडत नाही, हे लोक पाहतात. लोक चुकीच्या ठिकाणी का जातात, असं विचारण्याआधी योग्य ठिकाणी त्यांना कशी वागणूक मिळते, हे विचारलं पाहिजे. प्रसूतिकक्षात कळा देणाऱ्या बाईला जे बोललं जातं, ते ती पुढच्या दहा जणींना सांगते. त्यानंतर त्या वस्तीत दवाखान्याचं कितीही चांगलं पत्रक वाटलं तरी ते वाया जातं.

या अविश्वासाला इतिहास आहे आणि तो या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवा. महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारं केंद्र काढलं. त्या कामात पत्नी मालतीबाई त्यांच्या सोबत होत्या. या मतांपायी कर्वे यांना विल्सन कॉलेजातली गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. १९२७पासून १९५३मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले सोसले आणि दंडही भरला. १९३४च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. १९३८च्या नोव्हेंबरात मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांच्या पक्षाचे सभासद पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या बाजूनं बिनसरकारी ठराव मांडला. तो फेटाळला गेला. कर्वे आणि आंबेडकर या दोघांच्याही विचारात बाईची मोकळीक मध्यभागी होती. नको असलेलं गरोदरपण टाळण्याचं साधन तिच्या हाती असावं, हा त्यांचा आग्रह होता.

स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू झाला आणि हळूहळू हा विचार बाजूला पडला. बाईच्या मोकळिकीऐवजी लोकसंख्येचा आकडा मध्यभागी आला. आणीबाणीत त्याचं टोक गाठलं गेलं. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत बहुसंख्य पुरुष होते आणि झळ सर्वाधिक पोचली ती गरिबांना. महाराष्ट्र विधिमंडळानं १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूरही केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं ते अमलात आलं नाही, एवढंच. नंतर सरकारनं पुरुषांना हात लावायचं सोडलं आणि सगळा भार बायकांवर टाकला. १९९६मध्ये कागदावरची लक्ष्यं रद्द झाली, पण सवय मोडली नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ४९ टक्के जणींची नसबंदी झालेली आढळली. पुरुष नसबंदीचं प्रमाण अर्धा टक्कासुद्धा नव्हतं. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया कितीतरी सोपी आहे. पोट उघडावं लागत नाही आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. हे आकडे नुसत्या आवडीनिवडीचे नाहीत. पर्याय समोर मांडलेच गेले नाहीत, की निवड अशीच दिसते.

बायकांच्या मुकेपणाची खोली पहिल्यांदा मोजली गेली तीही महाराष्ट्रातच. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. तो अभ्यास खेड्यातला आहे. तो जसाच्या तसा शहराला लावता येणार नाही. पण त्यानं शिकवलेली गोष्ट शहरातही तितकीच खरी आहे: बाई बोलत नाही, याचा अर्थ तिला त्रास नाही असा होत नाही. ‘अंगावर काढणं’ ही आपल्या बायकांना लहानपणापासून लावलेली सवय आहे. ती मोडायची तर आधी कुणीतरी ऐकून घेणारं लागतं.

शहरी वस्तीला स्वतःचे असे काही प्रश्न आहेत. खेड्यासाठी लिहिलेलं शिक्षणसाहित्य तिथे उपयोगी पडत नाही. पहिला प्रश्न जागेचा. दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सात माणसं राहतात. तिथे पाळीचं कापड धुवायचं कुठे आणि वाळत घालायचं कुठे? ‘कापड उन्हात वाळवा’ असं आपण सांगतो, पण ज्या गल्लीत ऊनच उतरत नाही, तिथली मुलगी ते दुसऱ्या कपड्याखाली झाकून ओलसरच ठेवते. सार्वजनिक शौचालय रात्री बंद असेल किंवा वाटेवर दिवा नसेल, तर बाई संध्याकाळपासून पाणी प्यायचं टाळते आणि लघवीच्या जंतुसंसर्गाला तोंड देते. मुंबईत ‘कोरो’ आणि तिच्यासोबतच्या संस्थांनी २०११पासून ‘राइट टू पी’ ही चळवळ चालवली. स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित, मोफत मुताऱ्या मागणारी ती चळवळ प्रजनन आरोग्याचीच चळवळ होती. पाळीच्या स्वच्छतेवर तासभर बोलून शौचालयाबद्दल अवाक्षर न काढणारं शिक्षण अर्धवट असतं.

दुसरा प्रश्न येण्याजाण्याचा. वस्तीतली अनेक कुटुंबं दोन ठिकाणी जगतात. मराठवाड्यातून आलेली बाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते. उत्तर प्रदेश-बिहारहून आलेली सातव्या महिन्यात रेल्वेनं गावी निघते. इथं नाव नोंदवलेलं, तपासण्या इथल्या, बाळंतपण तिथलं आणि बाळाची लस मधल्यामध्ये राहून गेलेली. म्हणून या पुस्तकात माता-बाल संरक्षण कार्ड वाचायला शिकवण्यावर एक अख्खा पाठ आहे. रक्तगट, हिमोग्लोबिन, झालेले डोस आणि धोक्याच्या खुणा बाईला स्वतःला वाचता आल्या, तर ती कुठल्याही गावच्या दवाखान्यात आपली बाजू मांडू शकते. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्ताचं प्रमाण कमी आहे. गरोदरपणी हिमोग्लोबिन ११च्या वर असायला हवं, हा एक आकडा घरातल्या प्रत्येकाला पाठ असावा.

तिसरा प्रश्न आजारांच्या गुंत्याचा. गोवंडी-मानखुर्दसारख्या दाटीच्या वस्त्यांत क्षयरोग घराघरांत शिरतो. क्षयाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन हे औषध गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करतं, हे क्षयाच्या गोळ्या देणाऱ्यानं सांगायला हवं आणि माला-डी देणाऱ्यानंही विचारायला हवं. दोघांनीही ते गृहीत धरलं, तर गोळ्या नेमानं घेणाऱ्या बाईलाही दिवस जातात आणि मग ‘गोळ्या कामाच्या नाहीत’ अशी बातमी चाळभर पसरते. क्षय गर्भाशयाच्या नळ्यांनाही होतो आणि मूल न होण्याचं ते एक महत्त्वाचं कारण आहे. मूल होत नाही म्हणून टोमणे ऐकणाऱ्या, गंडेदोरे बांधणाऱ्या कितीतरी जणींना हे माहीतच नसतं. शहरात एकेका आजाराची वेगळी खिडकी असते. त्या खिडक्यांना जोडणारं कुणी असेल तर ती आरोग्य स्वयंसेविकाच, कारण बाईला अख्खं पाहणारी व्यवस्थेत ती एकटी आहे.

किशोरवयाबद्दल आपण सगळ्यात जास्त घाबरतो, म्हणून तिथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. २००५च्या सुमारास शाळांसाठी किशोरवयीन शिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला गेला. २००७ साली महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो शाळांत राबवायला नकार दिला. संस्कृती बिघडेल, असा आक्षेप होता. त्याच सुमारास मोबाइल घराघरांत पोचत होता. मुलांना माहिती मिळायची थांबली नाही, फक्त ती कुठून मिळावी हे आपल्या हातात राहिलं नाही. पुढे २०१४मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला. महाराष्ट्रात त्याची ‘मैत्री’ क्लिनिकं आहेत. तिथं जाऊन काय विचारता येतं आणि ते गुप्त राहतं का, हे वस्तीतल्या किती मुलामुलींना ठाऊक आहे? २०१९-२१च्या पाहणीत राज्यात वीस ते चोवीस वर्षांच्या जवळपास बावीस टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. शहरात हे प्रमाण कमी असलं तरी ते संपलेलं नाही. मुलगी वयात आली, आईबाप दोघंही दिवसभर कामावर, शेजार अनोळखी, तेव्हा लग्न हाच आईला तिच्या सुरक्षिततेचा उपाय वाटतो. अशा आईला दोष देऊन काही होणार नाही. मुलगी शाळेत टिकेल, संध्याकाळी तिला सुरक्षित जागा असेल आणि तिच्या शरीराबद्दल तिला सगळं कळत असेल, तरच आईची भीती कमी होईल.

कायद्याविषयी वस्तीत जेवढा गोंधळ आहे, तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाविषयी असेल. गर्भलिंग निदान हा गुन्हा आहे, हे सांगताना आपण इतकं ओरडलो की ‘गर्भपात हाच गुन्हा’ असं अनेकींच्या मनात बसलं. भारतात वैद्यकीय गर्भपात १९७१पासून कायदेशीर आहे. २०२१च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मतानं आणि ठरावीक परिस्थितीत चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं तो करता येतो. सज्ञान बाईला नवऱ्याच्या संमतीची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२२मध्ये अविवाहित स्त्रियांनाही हा अधिकार विवाहितांइतकाच असल्याचं स्पष्ट केलं. हे माहीत नसल्यानं बाई आधी मेडिकलमधून गोळ्या आणते. त्या गोळ्या औषध म्हणून चांगल्या आहेत, पण किती आठवडे झाले हे पाहायला हवं आणि गर्भ नळीत तर नाही ना याची खात्री करायला हवी. नळीतला गर्भ या गोळ्यांनी पडत नाही. नळी फुटली तर काही तासांत जीव जाऊ शकतो.

अठराच्या आतल्या मुलीचा प्रश्न आणखी नाजूक आहे. २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार तिच्याशी लैंगिक संबंध आल्याचं कळल्यावर ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. त्या भीतीनं आई मुलीला सरकारी रुग्णालयात नेतच नाही, ती गल्लीत जाते. मुलीनं आणि पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरनं पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असं त्याच २०२२च्या निकालात म्हटलं आहे. ही एक ओळ वस्तीतल्या प्रत्येक कार्यकर्तीला आणि प्रत्येक डॉक्टरलाही पाठ असायला हवी. तिच्यामुळे एखादी मुलगी वाचेल.

पुरुषांना आपण या विषयातून फार काळ बाहेर ठेवलं. जबाबदारी टाळायला मोकळं सोडलं आणि त्यांच्या भीतीकडेही पाहिलं नाही. धात जाणं, कमजोरी, हस्तमैथुनानं शरीर खंगतं ही समजूत, लग्नाच्या पहिल्या रात्रीचं दडपण, यांपायी मजुरी करणारे तरुण भोंदू वैद्यांकडे हजारोंनी पैसे घालवतात. त्यांच्याशी नीट बोललं तर ते ऐकतात, असा वस्त्यांत काम करणाऱ्यांचा अनुभव आहे. नाक्यावर, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, कट्ट्यावर, पुरुष कार्यकर्त्यानं बोलायला हवं. निरोध कसा वापरायचा इथपासून सुरुवात करून बायकोची इच्छा नसणं म्हणजे नकारच असतो, इथपर्यंत ते बोलणं न्यायला हवं. बाईला एकटीला शिकवून तिच्या अंगावर आणखी एक जबाबदारी टाकायची, हे शिक्षण नव्हे.

हे काम होतं का, याचं उत्तर मुंबईच्याच वस्त्यांनी दिलेलं आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयानं १९९८पासून मुंबईतल्या झोपडपट्ट्यांच्या वीस विभागांत ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. दहावी शिकलेल्या बायकांना चार आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं. त्यांनी गर्भाशयाच्या मुखाला पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, म्हणजे व्हिनेगरसारखं द्रावण लावून साध्या डोळ्यांनी तपासणी केली. दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्या झाल्या. २०१३मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार तपासणी झालेल्या विभागांत या कर्करोगानं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. ना मोठी यंत्रं, ना डॉक्टरांची फौज. बायकांनी बायकांना समजावलं, शरम घालवली आणि तपासलं.

त्याच अभ्यासात एक सल आहे, तीही सांगितली पाहिजे. तुलनेसाठी घेतलेल्या उरलेल्या विभागांतल्या स्त्रियांना कर्करोगाची माहिती दिली गेली, पण तपासणी दिली गेली नाही. त्यावर नैतिक आक्षेप घेतले गेले आणि ते योग्य होते. आपल्या विषयापुरता त्याचा धडा स्वच्छ आहे: नुसत्या माहितीनं जीव वाचत नाही. शिक्षणाच्या दुसऱ्या टोकाला सेवा असावी लागते. देशात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी या कर्करोगासाठी कधीतरी तपासणी झालेल्यांचं प्रमाण २०१९-२१च्या पाहणीतही दोन टक्क्यांहून कमी होतं. टाटाच्या अभ्यासानं वाट दाखवल्यानंतरची ही स्थिती आहे.

रुग्णालय आणि वस्ती यांना जोडता येतं, हेही मुंबईत दिसलं आहे. सायन हॉस्पिटलात नवजात बालकांवर उपचार करणाऱ्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली तिथं आशियातली पहिली मानवी दूधपेढी सुरू केली. रुग्णालयात येणाऱ्या अशक्त बाळांचं मूळ वस्तीत आहे, हे ओळखून त्यांनी १९९९मध्ये ‘स्नेहा’ ही संस्था उभी केली. धारावीत आणि इतर वस्त्यांत ती आईचं आरोग्य, बाळाचं पोषण आणि स्त्रीवरचा हिंसाचार हे प्रश्न एकत्र हाताळते. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात पालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी सुरू केलेल्या ‘दिलासा’ केंद्रानंही तेच दाखवलं. मार खाऊन आलेली बाई रुग्णालयात येते तेव्हाच तिच्याशी बोललं, तर तिला मदतीचा रस्ता सापडतो. नको असलेली गरोदरपणं आणि घरातली मारहाण यांचं नातं कार्यकर्तीला ओळखता आलं पाहिजे. म्हणून या पुस्तकात गर्भनिरोधनाच्या पाठाला लागूनच हिंसाचाराचा पाठ आहे.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडं सांगतो. ते वाचून दाखवण्यासाठी लिहिलेलं नाही. प्रत्येक पाठ वस्तीत प्रत्यक्ष विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांपासून सुरू होतो. भाषा बायका वापरतात ती ठेवली आहे: पाळी, दिवस जाणं, अंगावरून जाणं, तांबी, पिशवी. शास्त्रीय नावं गरज असेल तिथेच आहेत, पण अवयवांची नावं गाळलेली नाहीत. मुलीला स्वतःच्या अवयवाचं नाव घेता आलं नाही, तर कुणी वाईट स्पर्श केल्याचं तिनं सांगायचं कसं? गर्भनिरोधनाच्या पाठात निरोध, गोळ्या, आठवड्याला घ्यायची ‘छाया’, तीन महिन्यांचं ‘अंतरा’ इंजेक्शन, तांबी आणि दोन्ही नसबंदी यांचे फायदे आणि त्रास सारख्याच मोकळेपणानं दिले आहेत. ‘अंतरा’नं पाळी अनियमित होऊ शकते, हे आधी सांगितलं तर बाई घाबरत नाही. न सांगता दिलं तर ती परत येत नाही आणि इतरांनाही येऊ देत नाही. पुरुष नसबंदीनंतर सुमारे तीन महिने दुसरं साधन वापरावं लागतं, हेही ठळक छापलं आहे. ते न सांगितल्यानं किती घरांत बायकोवर संशय घेतला गेला असेल!

या शिक्षणाचा भार ज्यांच्या खांद्यावर आहे, त्या आशाताई आणि पालिकेच्या आरोग्य स्वयंसेविका मानधनावर काम करतात. त्यांना दिवसाकाठी किती घरं केली, किती नोंदी भरल्या हे विचारलं जातं. एका बाईजवळ अर्धा तास बसून तिची भीती घालवली, याला रकाना नाही. तो रकाना हवा आणि त्या वेळेचा मोबदलाही हवा. आरोग्य केंद्रात बंद दाराआड बोलता येईल अशी एक खोली हवी. कामावरून सुटलेल्या बाईला आणि शाळेतून आलेल्या मुलीला येता येईल अशी संध्याकाळची वेळ हवी. नसबंदीच्या कागदावर अंगठा घेण्याआधी बाकीचे पर्याय सांगितले की नाही, हे तपासणारं कुणीतरी हवं. शाळांमधून हा विषय वयानुरूप आणि न संकोचता शिकवला जायला हवा. यातलं काहीही महापालिकांच्या किंवा राज्याच्या ऐपतीबाहेरचं नाही.

हे पुस्तक हाती घेणाऱ्या प्रत्येक कार्यकर्तीला आणि कार्यकर्त्याला एक विनंती आहे. पहिली बैठक बोलावण्याआधी तुमच्या वस्तीच्या आरोग्य केंद्रात स्वतः जा. गर्भनिरोधनाची कुठली साधनं खरोखर शिल्लक आहेत, गर्भपाताची सोय कुठल्या रुग्णालयात आहे, गर्भाशयमुखाची तपासणी कुठल्या वारी होते, किशोरवयीन मुलींशी कोण बोलतं, हे विचारून लिहून घ्या. जे मिळत नाही, तेही लिहा आणि ते मिळावं म्हणून महिला आरोग्य समितीच्या बैठकीत, वॉर्डाच्या कार्यालयात पुनःपुन्हा मागणी करा. मग बायकांसमोर बसा. ‘कुठे जाऊ?’ असं कुणी विचारलं, की तिला जागा, वार, वेळ आणि तिथल्या ताईंचं नाव सांगता आलं पाहिजे. गरज पडली तर सोबत जायची तयारीही ठेवा.